कल्याणच्या सोनाराची पोढी

रविवार, श्रावण

आज आत्याला कान्हेरीची लेणी दाखवायला नेलं. कधीपासून ठरत होतं. दरवेळी तिचे गुडघे नाहीतर माझी सुट्टी आड यायची. राष्ट्रीय उद्यानाच्या बोरिवलीच्या दारातून आतल्या बसने गेलो, त्यामुळे पायऱ्यांपर्यंत तरी तिला चालावं लागलं नाही. वाटेत कारवीची दाटी दाखवली तर म्हणाली, "आमच्या गावच्या घराच्या भिंती हिच्याच कुडाच्या." २०२४ साली फुलली होती ती. आठ वर्षांनी एकदा फुलते, म्हणजे आता थेट २०३२.

तिसऱ्या लेण्यातल्या मोठ्या चैत्यात, म्हणजे प्रार्थनेच्या दालनात, आम्ही बराच वेळ बसलो. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी भावांनी यज्ञश्री सातकर्णी या सातवाहन राजाच्या काळात कोरवून घेतलेला हा चैत्य. ओसरीच्या दोन्ही टोकांना सात मीटरच्या उभ्या बुद्धमूर्ती. आत्यानं हात जोडले आणि नंतर बाहेर येऊन जी थबकली, ती एका साध्या चौकोनी भोकापाशी. कातळात खोदलेली पाण्याची पोढी, म्हणजे टाकं. आत पाणी काठोकाठ.

"हे भरतं कसं?"

मी वर बोट दाखवलं. खोल्यांच्या माथ्यावर कातळात बोटभर खोल पन्हळी कोरल्यात. डोंगरावरून उतरणारं पाणी त्यांतून वळत वळत पोढीत येतं. पावसाळ्यात तीन महिने भिक्खू एका जागी राहत, त्याला वर्षावास म्हणत. पण पावसाळ्यानंतरचे आठ कोरडे महिने इथे काढायचे तर पाणी साठवणं आलंच. शंभराहून जास्त लेणी, इसवी सनापूर्वीच्या पहिल्या शतकापासून पुढे हजारएक वर्षं नांदती, ती या पन्हळींच्या जोरावर. आत्या वाकून पन्हळीतून बोट फिरवत राहिली. लालबागच्या चाळीत चाळीस वर्षं पहाटे साडेचारला उठून हंडे भरलेत तिनं. पाण्याची सोय कुणी किती विचारानं केली, हे तिच्याइतकं मला कुठून कळणार?

मग मी तिला दानलेखांचं सांगितलं. ब्राह्मी अक्षरं, प्राकृत भाषा, आणि शब्द तोच, पोढी. सातवाहन राणीच्या पदरचा सतेरक नावाचा अमात्य, म्हणजे मंत्री, पोढी दान देतो, तशीच कल्याणचा एक सोनारही देतो. अमात्याचं तिला फारसं काही वाटलं नाही. "सोनारानं पाणी दिलं?" असं मात्र तिनं दोनदा विचारलं. दागिने घडवणाऱ्या माणसाला कातळातलं टाकं द्यावंसं वाटलं, याचं तिला फार अप्रूप वाटलं. मलाही वाटतं. कल्याण, सोपारा, चौल या बंदरांतून आलेला पैसा इथे नुसत्या मूर्तींवर गेला नाही, तो असा पिण्याच्या पाण्यावरही गेला.

दोन टेकड्यांमधला ओढा आज भरून वाहत होता. कातळावरून पाणी असं कोसळत होतं की बोलणं ऐकू येईना. मागच्या वर्षी याच जंगलातली शिलोंड्याची वाट मी परवानगी आणि वाटाड्या घेऊन केली होती, तेव्हा हाच आवाज दिवसभर सोबत होता. आज मात्र वर नव्वदाव्या लेण्यापर्यंत जाता आलं नाही. तिथले सन १००९ आणि १०२१ चे पारशी यात्रेकरूंचे पहलवी, म्हणजे जुन्या इराणी भाषेतले, लेख तिला दाखवायचे होते. गुडघ्यांनी ऐकलं नाही.

उतरताना पाड्यावरच्या एका बाईकडून काकडी घेतली, मीठ-तिखट लावून. आत्यानं तिला सहज विचारलं, पाणी कुठून आणतेस? "बोअरिंगचं. चैतात खाली जातं, मग लांबून हंडे." आत्या गप्प झाली. याच जंगलाच्या कुशीत विहार आणि तुळशी तलाव आहेत. १८६० पासून विहारचं आणि १८७९ पासून तुळशीचं पाणी शहराला मिळतंय. शहराच्या सात तलावांतले हे दोन सगळ्यांत लहान, तरी त्यांचं पाणी खाली नळांना येतं, आणि तलावांच्या शेजारची ही बाई हंडा घेऊन चालते. मला राग आला. आत्याला नुसतं वाईट वाटलं असावं. तिनं आणखी चार काकड्या घेतल्या आणि उरलेले सुटे परत मागितले नाहीत.

घरी आल्यावर तिच्या पायांना तेल लावलं. डोळे मिटूनच म्हणाली, "अगं, त्या सोनाराचं नाव काय सांगितलंस?"

"सामिदत. म्हणजे स्वामिदत्त."

उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरवर आजच्या तारखेत दुधाच्या हिशोबाखाली ते नाव लिहिलं. 'स्वामिदत्त, कल्याण. पोढी.'