न दिसणाऱ्या चमकेचा आलेख : अतिनील प्रस्फुरणाच्या प्रयोगाची प्रगती

स्ट्रॉन्शियम मॅग्नेशियम जर्मेनेटमध्ये किंचित शिसे मिसळून भाजलेल्या भुकटीवर २५४ नॅनोमीटरचा दिवा धरून तो विझवला, तरी तिच्यातून ३७० नॅनोमीटरच्या आसपासचे अतिनील किरण बराच वेळ निघत राहतात. डोळ्यांना यातले जवळजवळ काहीच दिसत नसल्यामुळे, मोजले गेले ते खरोखर अतिनीलच होते हे आधी सिद्ध करावे लागते. अंधारात डोळ्यांना दिसेल असे हिरवे चमकणाऱ्या स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेटच्या भुकटीबाबत हा प्रश्नच उद्भवत नाही. (शिशाचा ऑक्साइड भट्टीत उडून जातो. त्यामुळे मुशीवर झाकण आणि भट्टीला बाहेर सोडलेला पंखा, दोन्ही हवेतच.)

छपाईच्या पांढऱ्या कागदातील उजळपणा आणणारे रसायन अतिनील किरण शोषून निळसर प्रकाश देते. भुकटीवर वुड्स ग्लासचा (दृश्य प्रकाश अडवून अतिनील किरण जाऊ देणाऱ्या गडद काचेचा) फिल्टर आणि त्यावर असा कागद ठेवला असता, अंधाराला सरावलेल्या डोळ्यांना फिकट निळा डाग दिसला. दिवा चालू असताना कागद मात्र काळ्या पाकिटात असावा, कारण दिव्याखाली ठेवलेला कागद दिवा विझल्यावर स्वतःही क्षणभर चमकतो.

मोजमापासाठी गॅलियम नायट्राइडचा स्वस्त सेन्सर उन्हात ठीक आहे, इतक्या मंद चमकेसाठी निरुपयोगी. म्हणून १पी२८ ही जुनी फोटोमल्टिप्लायर नळी (अतिशय मंद प्रकाशाचेही मोजता येईल अशा विद्युतप्रवाहात रूपांतर करणारी) घेतली. वुड्स ग्लासमधून ७०० नॅनोमीटरच्या पुढचा लाल प्रकाश थोडा निसटतो आणि कॅमेऱ्याला फसवतो, परंतु या नळीची संवेदनशीलता ६५० नॅनोमीटरच्या सुमारास संपत असल्याने ती गळती तिला जाणवत नाही. त्याच फिल्टरखाली स्ट्रॉन्शियम ॲल्युमिनेट ठेवल्यावर प्रवाह अंधारातील पातळीच्या वर फारसा गेला नाही, हा पुरावा मला कागदापेक्षा अधिक भक्कम वाटतो. पावसाळी हवेत नळीच्या सॉकेटवरून होणारी विद्युतगळती वाढते, तेव्हा डब्यात सिलिका जेल ठेवणे इष्ट.

दोन्ही अक्षांवर लॉगरिदम घेतल्यावर चमकेच्या ऱ्हासाचा, म्हणजे वेळेनुसार ती मंदावण्याचा, आलेख जवळजवळ सरळ रेषेत येतो. दिव्याची ऊर्जा मिळालेले इलेक्ट्रॉन स्फटिकातील दोषांत अडकतात; त्या जागा म्हणजे सापळे, आणि सापळा जितका खोल तितकी सुटायला जास्त ऊर्जा लागते. एकाच खोलीच्या सापळ्यांतून इलेक्ट्रॉन सुटत असते तर ऱ्हास घातांकी दिसला असता. येथे उथळ सापळे आधी रिकामे होतात आणि खोल सापळे मागे उरतात. चमक मंदावल्यावर पांढऱ्या एलईडी टॉर्चचा प्रकाश थोडा वेळ पाडून टॉर्च बंद केली, तेव्हा प्रवाह पुन्हा वाढला. त्या प्रकाशात ३७० नॅनोमीटरचा अंश नगण्य असतो, म्हणजे ही ऊर्जा टॉर्चची नसून खोल सापळ्यांत आधीच साठलेली होती. त्या सापळ्यांची खोली ठरवण्यासाठी आता भुकटी तापपट्टीवर सावकाश गरम करत प्रवाह नोंदवणार आहे.