टाकी एप्रिलात रिकामी करू नका

मराठवाड्यातल्या एका शहराच्या सांडपाणी प्रकल्पावर मी केमिस्ट आहे. दुरुस्तीच्या काळात प्लांटला नदीत सोडायच्या पाण्यावरच्या प्रदूषणाच्या मर्यादांमधून थोडे दिवस सूट मिळायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे. दुरुस्ती टाळत राहिलेला प्लांट कागदावर चालू असतो आणि प्रत्यक्षात मरत असतो. पण ती सूट एप्रिल-मेमध्ये घ्यायची आणि नदीच्या खालच्या अंगाच्या गावांना पत्ताही लागू द्यायचा नाही, हे मला मान्य नाही. गेल्या उन्हाळ्यात आमच्याकडे या दोन्ही गोष्टी झाल्या, म्हणून लिहितेय.

आधी काम काय होतं ते सांगते. सांडपाणी साफ करतात ते जिवाणू, आणि त्यांना जगायला हवा लागते. ब्लोअरची, म्हणजे हवा ढकलणाऱ्या यंत्राची, हवा टाकीच्या तळाशी बसवलेल्या डिफ्युझरमधून बारीक बुडबुड्यांनी वर येते. डिफ्युझरवर रबराचा पडदा असतो, त्याला सुईच्या टोकाएवढ्या चिरा असतात. काही वर्षांनी रबर कडक होतं, फाटतं. मग टाकीच्या एका कोपऱ्यात भाताच्या आधणासारखी उकळी दिसायला लागते आणि बाकीची टाकी गप्प. मोठा बुडबुडा झर्रकन वर येऊन फुटतो, त्यातला ऑक्सिजन पाण्यात उतरतच नाही. विजेचं बिल तेवढंच, हवा मात्र वाया. याला इलाज एकच: टाकी रिकामी करायची, तळाचा गाळ काढायचा, माणसं खाली उतरवायची आणि डिफ्युझर बदलायचे. त्या गाळात हायड्रोजन सल्फाईड हा विषारी वायू साचलेला असतो. वायू मोजल्याशिवाय आणि पंख्याने हवा खेळवल्याशिवाय कुणालाही खाली पाठवायचं नसतं. म्हणून हे काम आठवड्यांचं असतं आणि त्यात घाई करा असं मी कधीच म्हणणार नाही.

एक टाकी बंद म्हणजे सगळा भार दुसरीवर. रोज सकाळी मी टाकीतलं पाणी एक लिटरच्या उभ्या सिलिंडरमध्ये भरून अर्धा तास न हलवता ठेवते. प्लांट ठणठणीत असला की चॉकलेटी गाळ सावकाश खाली बसतो आणि वर निवळ पाणी राहतं. मायक्रोस्कोपखाली देठावर डुलणारे व्हॉर्टिसेला नावाचे सूक्ष्मजीव दिसतात. ते दिसले की दिवस चांगला जाणार हे मला कळतं. दुरुस्ती सुरू झाल्यावर आधी व्हॉर्टिसेला गेले. मग गाळाचा रंग काळपट व्हायला लागला. मग तो खाली बसायचं सोडून वर तरंगायला लागला, आणि तरंगणारा गाळ पाण्याबरोबर बाहेर जातो. ऑक्टोबर २०१७ च्या केंद्राच्या अधिसूचनेप्रमाणे महानगरं सोडून आमच्यासारख्या शहरांना बीओडीची, म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणू जेवढा ऑक्सिजन ओढतात त्याची, मर्यादा लिटरला ३० मिलिग्रॅम आहे. राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१९ मध्ये १० चा आग्रह धरला. अर्ध्या ताकदीच्या प्लांटला ३० सुद्धा गाठता येत नाही, हे कुठल्याही ऑपरेटरला विचारा.

बीओडीची आणखी एक अडचण आहे. आपल्याकडे ही चाचणी २७ अंशाला तीन दिवस चालते. सोमवारी घेतलेल्या नमुन्याचा निकाल गुरुवारी हातात येतो, तोवर सोमवारचं पाणी दोन तालुके ओलांडून गेलेलं असतं. म्हणून दुरुस्तीच्या काळात मी सीओडीवर भर देते. त्यात तीच घाण जिवाणूंऐवजी रसायनाने जाळून मोजतात, त्याचा आकडा त्याच दिवशी मिळतो. विरघळलेला ऑक्सिजन तर मीटर बुडवला की कळतो.

आता एप्रिलचा मुद्दा. हिशेबासाठी सोपे आकडे धरू. प्लांटमधून ३० एमएलडी (एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर) पाणी सुटतंय आणि बीओडी ८० वर गेलाय. नदीत वरून ३०० एमएलडी बऱ्यापैकी स्वच्छ पाणी येतंय, त्याचा बीओडी ३. दोन्ही मिसळले की खालच्या पाण्याचा बीओडी १० च्या आसपास येतो. मासे तगतात, काही अंतरावर नदी ते पचवते. हेच एप्रिलात करा. आमच्या नद्यांना तेव्हा वरून पाणीच नसतं. जे वाहतंय ते शहरातून आलेलं. म्हणजे खाली ८० चं ८०. त्यात पाणी जितकं तापतं तितका त्यात ऑक्सिजन कमी मावतो. २० अंशाला लिटरला ९ मिलिग्रॅम मावत असेल तर ३० अंशाला साडेसात. आणि त्याच उन्हात जिवाणू तो दीड-दोनपट वेगाने संपवतात. प्लांटच्या तोंडाशी आकडा एकच, पण ऑक्टोबरात नदीला जे सोसतं ते एप्रिलात सोसत नाही.

माझं सासर त्याच नदीच्या काठावर, प्लांटच्या खाली. काम सुरू झालं त्या आठवड्यात दिराचा फोन आला.

"वहिनी, नदीला सकाळपासून फेस येऊ लालाय. म्हशी पाण्याला तोंड लावंनात. तुमच्याकडं काही झालं का?"

मी सांगितलं, "भाऊजी, टाकीचं काम काढलंय. नदीचं पाणी उपसू नका, म्हशींना विहिरीवर न्या."

"आता सांगताव व्हय? रातभर मोटर चालू होती घासाला. अन् विहीर कुठं लांब हाय, तिला बी हेच पाझरतंय की."

त्याचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं. त्या काठावर उन्हाळ्यात गजराज गवत आणि लसूणघास याच पाण्यावर उभा असतो, त्यावर गावातली दूधडेअरी चालते. गावाला एक ओळ कळवली असती तर लोकांनी पिकाला पाणी द्यायची एक पाळी टाळली असती, जनावरं दुसरीकडे नेली असती. ग्रामपंचायतीला पत्र नव्हतं, दवंडी नव्हती, व्हॉट्सॲपवर निरोप नव्हता. खाली डोहात मासे उलटे पडले, त्यावर पोट असलेल्या घरांनी कुणाकडे जायचं?

आणि काम एप्रिलातच का निघालं? कारण पैसा मार्च एंडला खर्ची पडतो. निविदा जानेवारी-फेब्रुवारीत, वर्क ऑर्डर मार्चच्या शेवटी, ठेकेदार साइटवर एप्रिलात. नदीचं वर्ष आणि हिशेबाचं वर्ष यांचा मेळ बसत नाही, आणि दर वेळी नदीलाच माघार घ्यावी लागते. माझा सगळा राग इथे आहे.

कायद्यात वाट नाही असं नाही. १९७४ च्या जल कायद्याखाली प्रदूषण नियंत्रण मंडळ जे संमतीपत्र देतं, त्यातल्या अटींचा फेरविचार करून वाजवी बदल करायचा अधिकार कलम २७ मध्ये आहे. अपघाताने किंवा अचानक घाण पाणी सुटलं तर कलम ३१ खाली ताबडतोब कळवावं लागतं. पण डिफ्युझर बदलणं हा अपघात नव्हे. ते वर्षभर आधी माहीत असतं, त्यामुळे सूट आधीच लेखी मागून, तारखा टाकून घ्यायला हवी. अमेरिकेत याचा नियम नेमका आहे: प्लांटला वळसा घालून पाणी सोडावं लागणार हे आधी माहीत असेल तर शक्य तेव्हा किमान १० दिवस आधी नोटीस, आणि अचानक झालं तर २४ तासांत कळवायचं. त्यातली मला सगळ्यात पटलेली अट अशी की नेहमीच्या देखभालीसाठी जी राखीव यंत्रणा बसवायला हवी होती ती बसवलीच नसेल, तर दुरुस्तीचं कारण पुढे करून सुटका नाही. आपल्याकडे राखीव ब्लोअरचं सामान काढून चालू ब्लोअरला लावतात, तिथे ही अट लागू केली तर कितीतरी गोष्टी आपोआप सुधारतील.

सूट म्हणजे सगळंच मोकळं नव्हे. बीओडी आणि तरंगता गाळ यांनाच, तेही ठरलेल्या वरच्या आकड्यापर्यंत. जाळ्या आणि वाळू काढणारी यंत्रणा एक दिवसही बंद ठेवायचं कारण नाही. क्लोरीन उलट जास्त लागतं, कारण अर्धवट साफ पाणी क्लोरीन खाऊन टाकतं. बाहेरून येणारे मैल्याचे टँकर तेवढे दिवस थांबवायचे. काम संपल्यावर टाकी भरली म्हणजे झालं असंही नाही, जिवाणू पुन्हा वाढायला दोन-तीन आठवडे जातात. चांगल्या चालणाऱ्या प्लांटमधून जिवंत गाळ आणून टाकला तर वेळ वाचतो. हे दिवस सवलतीच्या मुदतीत आधीच धरायला हवेत, नाहीतर मुदतवाढीचे अर्ज सुरू होतात.

मग महिना कोणता? भर पावसात नाही, तेव्हा नाल्यांचं पाणी आणि माती प्लांटमध्ये घुसते. डिसेंबर-जानेवारीत नाही, आमच्याकडच्या थंडीत जिवाणू संथ होतात. पावसाचा जोर ओसरला की लगेच. नदी वाहती असते, विहिरी भरलेल्या असतात, घासाला मोटर लावायची गरज नसते. एक गोष्ट मात्र सांभाळावी लागते आणि ती कुणाच्या डोक्यात येत नाही. कोल्हापुरी बंधाऱ्यांना ऑक्टोबरच्या मध्यापासून दरवाजे टाकतात. त्याच वेळी आपण घाण सोडली तर ती बंधाऱ्यात अडते आणि रब्बीभर तिथेच राहते. म्हणून पत्र जलसंपदा विभागालाही गेलं पाहिजे, म्हणजे खालचे एक-दोन बंधारे थोडे उशिरा अडवता येतील.

येत्या वर्षी आमच्या क्लॅरिफायरचा, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीचा, तळ खरवडणारा स्क्रेपर बदलायचा आहे. मी वरिष्ठांना टिपण दिलंय: निविदा मेमध्ये काढा, सामान पावसाळ्यात आणून ठेवा, टाकी सप्टेंबरच्या शेवटी रिकामी करा. सोबत खालच्या गावांच्या सरपंचांना द्यायच्या पत्राचा मसुदा जोडलाय. त्यात कामाच्या तारखा, पाणी कशाला वापरू नये, आणि प्लांटवर रात्रपाळीला फोन कोण उचलेल हे लिहिलंय. नदीकाठच्या गावात राहत असाल तर तुमच्या नगरपालिकेकडे असं पत्र मागा. मसुदा हवा असेल त्यांनी खाली लिहा, मी पाठवते.