१९४० चा ब्रिटिश पायदळ सैनिक: गणवेश जमवताना

आधी साल ठरवा, मगच पैसे काढा. १९४० चा फ्रान्समधला सैनिक साकारायचा तर डोक्यावर पसरट मार्क २ हेल्मेटच हवं. मार्क ३ दिसतं ते १९४४ च्या नॉर्मंडीत. सर्ज म्हणजे जाड लोकरी कापड; त्याच्या आखूड कोटाचंही तसंच. बटणं पट्टीखाली झाकलेली असतील तर ठीक, उघडी दिसली की तो नंतरचा काटकसरीचा नमुना.

सगळ्यात जास्त गफलत होते पँटच्या मापात. ही पँट बेंबीजवळ बसते आणि गॅलसवर (सस्पेंडरवर) पेलते, त्यामुळे जीन्सचं माप इथे कामाचं नाही. पँटच्या मागच्या बाजूची बटणं कोटाच्या आतल्या काजांत अडकवायची असतात. पँट खाली उतरली की ती पोचतच नाहीत, आणि वाकल्यावर मधून शर्ट डोकावतो.

१९३७ पॅटर्नच्या वेबिंगमध्ये, म्हणजे सामान अडकवायच्या जाड कापडी पट्ट्यांच्या संचात, पट्टा, दारूगोळ्याचे दोन पाउच, खांदपट्टे, संगिनीचं म्यान अडकवायचा फ्रॉग, पाण्याची बाटली आणि हॅवरसॅक (कापडी पिशवी). खांदपट्टे पाठीवर एकमेकांना छेदून जातात. रिकामा पाउच चपटा पडतो नि लगेच नाटकी वाटतो. आत ब्रेन मशीनगनच्या दोन मॅगझिनच्या आकाराचा लाकडी ठोकळा ठेवा. ब्लँको, म्हणजे वेबिंगला लावायचा रंगलेप, ओल्या ब्रशने पातळच लावा. जाड थर सुकल्यावर तडकतो आणि त्याची भुकटी सर्जवर उतरते. पितळेला लागलेला लगेच पुसा.

बूट खिळ्यांचेच घ्या, पण गुळगुळीत फरशीवर सांभाळून. टाचेची लोखंडी नाल सर्रकन घसरते.