आधी खुर्चीशेजारी उभं राहून बघ

गावाकडून मला दोन प्रकारचे फोन येतात. पहिला नीटचा निकाल लागल्यावर: "एमबीबीएसला मार्क कमी पडतायत, बीडीएस मिळतंय. घेऊ दे का पोराला?" दुसरा एखाद्या घरची बीडीएस झालेली लेक लग्न होऊन अमेरिकेला निघाली की: "तिथे गेल्या गेल्या दवाखाना टाकता येईल ना?" दोन्ही प्रश्न फोनवर पाच मिनिटांत संपणारे नाहीत, म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

मी यवतमाळची. दातांच्या डॉक्टरकीचं हे बीडीएस विदर्भातच केलं, आता अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये प्रॅक्टिस करते. मधला काळ फार जणांनी पाहिलेला नाही, आणि चौकशी नेमकी त्याचीच असते.

इथे बारावीनंतर थेट डेंटलला प्रवेश नसतो. मुलं साधारण चार वर्षांची पदवी करतात, त्यात जीवशास्त्र, रसायनशास्त्र, ऑरगॅनिक, फिजिक्स उरकतात, मग 'डॅट' नावाची प्रवेश परीक्षा देतात आणि पुढे डेंटल स्कूलची चार वर्षं. डॅटचा एक भाग मला फार आवडतो. घडी घातलेल्या कागदाला भोक पाडलंय, कागद उलगडल्यावर भोकं कुठे कुठे दिसतील? हे दोन कोन जवळजवळ सारखे आहेत, लहान कुठला? 1970च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत याच परीक्षेत खडू कोरूनही दाखवावा लागे. घोकंपट्टी इथे कामी येत नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे शॅडोइंग. अर्ज करण्याआधी मुलांनी दाताच्या डॉक्टरांकडे जाऊन, कशालाही हात न लावता, तासन्‌तास काम बघायचं. अनेक कॉलेजांना शंभर तासांच्या आसपासची अपेक्षा असते. आमच्या मराठी मंडळातल्या एका मैत्रिणीची मुलगी उन्हाळ्यात माझ्याकडे येत होती. पहिले काही दिवस तिचं सगळं लक्ष ड्रिलवर होतं. मग हळूहळू तिला बाकीचं दिसायला लागलं: पेशंटची जीभ सारखी मधे येते, वरच्या दाढेचं काम आरशात उलटं बघून करायचं असतं, दुपारपर्यंत डॉक्टरची मान धरते. एका आजोबांना कॅप बसवायची होती, पण विम्याची वर्षाची मर्यादा संपलेली. इथल्या दातांच्या विम्यात ती बहुतेक वेळा हजार ते दोन हजार डॉलरच असते. आजोबा म्हणाले, जानेवारीत बघू. ते गेल्यावर पोरगी मला म्हणाली, "मावशी, तोवर दात टिकेल?" त्या प्रश्नावरून मला वाटलं, हिला जमेल.

आपल्याकडे हे बघायची संधी कुणी देतं का? कटऑफ पुढ्यात ठेवून पर्याय भरायचे, जे लागेल ते घ्यायचं. मग पहिल्या वर्षी हातात मेणाचा ठोकळा आणि लेक्रॉन नावाचं कोरायचं हत्यार येतं, दाढ कोरायला सांगतात, आणि हॉस्टेलवर रात्री बारा वाजता पोराला पहिल्यांदा कळतं की आपला हात वळतो की नाही. कोरलेली दाढ सर उलटसुलट फिरवून बघतात आणि "परत करा" म्हणतात. काहींना त्यातच गोडी लागते, काही पाच वर्षं रडतखडत काढतात. आमच्या बॅचला दोन्ही तऱ्हेचे लोक होते.

बीडीएस होऊन इथे येणाऱ्यांचा रस्ता निराळा. भारतातल्या पदवीवर इथे थेट लायसन्स मिळेल असं सहसा समजू नये. आधी आयएनबीडीई, म्हणजे इथली डेंटिस्टांची राष्ट्रीय परीक्षा: दोन दिवस, पाचशे प्रश्न, निकाल फक्त पास किंवा नापास. ती अभ्यासाने निघते, आपली मुलं अभ्यासाला घाबरत नाहीत. टोफेल ही इंग्रजीची परीक्षा, ट्रान्सक्रिप्टचं (मार्कांच्या अधिकृत नोंदीचं) मूल्यांकन, मग 'कॅपिड' या सामाईक अर्जातून परदेशी डेंटिस्टसाठीच्या दोन-तीन वर्षांच्या कोर्सला अर्ज. खरी परीक्षा पुढे, बेंच टेस्टला. प्लॅस्टिकच्या जबड्यातल्या दाढेत ठरावीक वेळात कॅव्हिटी कापायची. खोली दीड-दोन मिलिमीटर, भिंती नेटक्या, आणि शेजारच्या दाताला बर (ड्रिलचं टोक) चाटून गेला की बाकी कितीही सुबक असलं तरी खेळ संपला. मी स्वयंपाकघरातल्या ओट्याला टायपोडॉन्ट, म्हणजे तसलाच प्लॅस्टिकचा जबडा, आवळून सराव करायचे. डब्यांच्या झाकणांवर पांढरी भुकटी बसायची आणि नवरा चहाआधी कप धुवून घ्यायचा. गावाकडे एअरोटर (दात कोरायचं ड्रिल) रोज हातात असतो त्यांना हे सोपं वाटेल, पण घाईच्या ओपीडीतल्या सवयी इथे आडव्या येतात.

प्रवेशाच्या मुलाखतीला मला विचारलं, दातच का? इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. मी आमच्याकडच्या बोअरवेलच्या पाण्याबद्दल सांगितलं. जिल्ह्यातल्या कित्येक गावांत फ्लोराइड इतकं की शाळकरी पोरांच्या दातांवर तपकिरी पट्टे असतात आणि फोटो काढताना ती ओठ मिटून घेतात. आणि मी बसले होते मिशिगनमध्ये, जिथल्या ग्रँड रॅपिड्सने 1945 साली दात किडू नयेत म्हणून नळाच्या पाण्यात फ्लोराइड मिसळायला सुरुवात केली. असं करणारं ते जगातलं पहिलं शहर. एकीकडे जास्तीचं दुखणं, दुसरीकडे कमीचं. मग बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो.

आता पैसे. अनेक कोर्सची नुसती फीच दोन लाख डॉलरच्या वर जाते, कर्जाला बहुधा इथला नागरिक किंवा ग्रीन कार्डवाला जामीन लागतो. नोकरीसाठी आलेल्याच्या जोडीदाराला मिळणाऱ्या एच-फोर व्हिसावर वर्क परमिट नसेल तर पगाराचं काम करता येत नाही, त्यामुळे बऱ्याच जणी सुरुवातीची वर्षं अभ्यास आणि क्लिनिकमध्ये नुसतं बघणं यात काढतात. परमिट असलं तर अनेक राज्यांत डेंटल असिस्टंटचं काम मिळू शकतं. घरचे नाकं मुरडतात, पण इथली पद्धत तिथेच अंगवळणी पडते. पदवीनंतर लायसन्सही राज्यागणिक वेगळं. न्यूयॉर्कला तर त्यासाठी वर्षभराची रेसिडेन्सी, म्हणजे पदवीनंतरचं प्रशिक्षण, करावी लागते.

तर नीटवाल्यांनो, पर्याय भरण्याआधी ओळखीच्या दाताच्या डॉक्टरांना गळ घाला, आठ-दहा दिवस कोपऱ्यात उभं राहू द्या म्हणावं. बहुतेक जण हो म्हणतात. आणि लग्न होऊन येणाऱ्या लेकींनी विमानात बसण्याआधी नाशिकच्या विद्यापीठातून ट्रान्सक्रिप्टचे सीलबंद लिफाफे काढून ठेवावेत, इथून ते काम करणं म्हणजे कुणाला तरी पुन्हा पुन्हा नाशिकला पिटाळणं. इंटर्नशिपचा दाखलाही सोबत घ्या. बॅगेत जागा उरली तर टायपोडॉन्ट टाका, इथे तो बराच महाग पडतो.