नॅचरल वीस, रिकामी मूठ आणि नियमातलं एक वाक्य

डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून पात्रं खेळायच्या खेळाची टेबलं पैसे घेऊन चालवणं, म्हणजे डीएमगिरी (डीएम म्हणजे डंजन मास्टर, खेळ चालवणारा आणि नियमांवर निर्णय देणारा), हे माझं काम. त्या दिवशीचं टेबल नेरुळमधल्या एका सोसायटीच्या क्लबहाऊसमध्ये होतं. ठाणे, ऐरोली, पनवेलहून आलेले पाच जण, नियम 2014 च्या प्लेयर्स हँडबुकचे, पात्रं पाचव्या लेव्हलची आणि संध्याकाळी सातला हॉलची चावी परत द्यायची.

लढाई तळघरातली होती. समोर एक कल्ट फॅनॅटिक (जादू टाकणारा पंथवेडा) आणि एक वाइट (मेलेला, तरी लढणारा योद्धा). फॅनॅटिकने पॅलाडिनवर (दैवी शक्ती असलेला योद्धा) कमांड स्पेल, म्हणजे हुकमाची जादू, टाकला, हुकूम एका शब्दाचा: 'टाक'. विझडम सेव्ह (जादू झटकायचा फासा) हुकला, त्यामुळे पॅलाडिनने आपल्या टर्नला, म्हणजे पाळीला, तलवार खाली टाकली आणि टर्न तिथेच संपला. वाइटने मोकळ्या हाताने ती उचलून घेतली. तिच्या जॅव्हलिन (फेकायचे भाले) आधीच्याच खोलीत फेकून झाल्या होत्या. पुढच्या राउंडला पॅलाडिन खेळणारी मुलगी म्हणाली, "ठोसा मारते." फासा पडला 20, नॅचरल वीस, म्हणजे क्रिटिकल हिट. लगेच तिने दुसऱ्या लेव्हलचा स्पेल स्लॉट (जादूच्या मोजक्या कोट्यातला एक) खोडला. "डिव्हाइन स्माइट." म्हणजे स्लॉट खर्चून हल्ल्याला दैवी डॅमेजची जोड. प्रश्न असा, की रिकाम्या मुठीवर स्माइट चालतो का?

इथे किती फरक पडतो ते आधी बघा. नुसत्या ठोशाचं डॅमेज 1 अधिक स्ट्रेंग्थ मॉडिफायर, तिचा +4, म्हणजे 5. क्रिटिकलला फक्त फासे दुप्पट होतात, आणि या 5 मध्ये फासाच नाही. त्यात वाइटला साध्या, चांदी न चढवलेल्या हल्ल्याविरुद्ध रेझिस्टन्स (डॅमेज निम्मंच लागतं), म्हणून 5 चे अर्धे, खालच्या अंकाला धरून 2. स्माइट लागू झाला तर दुसऱ्या लेव्हलचे 3डी8 (आठ बाजूंचे तीन फासे), वाइट अनडेड, म्हणजे जिवंत नसलेला, म्हणून आणखी 1डी8, क्रिटिकलमुळे दुप्पट होऊन 8डी8. सरासरी 36, आणि हे डॅमेज रेडियंट, म्हणजे दैवी तेजाचं, असल्याने एकही पॉइंट कापला जात नाही. वाइटचे 30 हिट पॉइंट उरले होते. एका अर्थाने वाइट मरतो, दुसऱ्या अर्थाने त्याला ओरखडा येतो.

'रोग' (Rogue, चोरटं, चपळ पात्र) खेळणाऱ्या मुलाने हरकत घेतली, आणि ती रास्त होती. अशा वेळी मी आठवणीवर विसंबत नाही, वाक्य पुस्तकातून मोठ्याने वाचतो. वादातले निम्मे लोक त्या वाक्याच्या वेगवेगळ्या आठवणींवरच भांडत असतात. स्माइटचा नियम म्हणतो, 'मेली वेपन अटॅक'ने (जवळून केलेल्या शस्त्राच्या हल्ल्याने) हिट केलंत तर 'वेपनच्या डॅमेजशिवाय' रेडियंट डॅमेज देता येतं. नवव्या, लढाईच्या प्रकरणात लिहिलंय की मेली वेपन अटॅक वेपनऐवजी ठोशाने, लाथेने करता येतो, पण ठोसा-लाथ वेपन धरले जात नाहीत. म्हणजे पहिली अट पुरी होते आणि दुसऱ्या अर्ध्या वाक्यात ज्या वेपनच्या डॅमेजचा उल्लेख आहे ते वेपनच जागेवर नाही. 'विशिष्ट नियम सामान्य नियमावर मात करतो' हे पुस्तकाचं तत्त्वही इथे कामी येत नाही, कारण दोन नियमांची टक्कर नाहीच. एकच वाक्य दोन्हीकडे झुकतंय.

तेवढ्यात तिसऱ्याने इम्प्रोव्हाइज्ड वेपनचा (हाताला लागेल ते शस्त्र म्हणून वापरण्याचा) परिच्छेद काढला. त्यात टेबलाचा पाय आहे, तवा आहे, अगदी मेलेला गॉब्लिनसुद्धा आहे. "दादा, तव्याने स्माइट चालतो आणि मुठीने नाही?"

डिझाइनरांचं अधिकृत उत्तर त्यांच्या नियमांच्या प्रश्नोत्तरांत, म्हणजे सेज अ‍ॅडव्हाइसमध्ये आहे: ठोशावर स्माइट नाही. पण त्याच उत्तरात पुढे म्हटलंय की डीएमने परवानगी दिली तर खेळाचा तोल बिघडत नाही, वेपनची अट पॅलाडिनच्या प्रतिमेसाठी घातली आहे. माझ्या लेखी हे दुसरं वाक्य जास्त मोलाचं. स्लॉट तेवढाच खर्च होतो, स्माइटचे फासे तेवढेच पडतात, उलट तलवारीचा डी8 हातचा जातो. मी परवानगी दिली. वहीत वाक्य, निर्णय, कारण आणि 'शत्रूंनाही लागू' एवढं लिहिलं आणि पुढे गेलो. लढाईच्या मध्यात दोन मिनिटांपेक्षा जास्त चर्चा होऊ देऊ नये. बाकीच्यांचे हात फोनकडे जातात आणि लढाई थंडावते. 8डी8 चे 39 आले, वाइट संपला.

पुढचा वाद मात्र संदिग्धतेचा नव्हताच. फॅनॅटिक पळायला लागला. रोगने ऑपॉर्च्युनिटी अटॅक (शत्रू आवाक्यातून निसटताना मिळणारा हल्ला) घेतला आणि स्नीक अटॅकचे, म्हणजे रोगच्या जादा डॅमेजचे, 3डी6 पुन्हा उचलले. "तू या राउंडला वापरलास ना!" पॅलाडिनने टोकलं. पुस्तक म्हणतं 'वन्स पर टर्न'. राउंड म्हणजे साधारण सहा सेकंद, त्यात प्रत्येकाचा एक टर्न. फॅनॅटिकचा टर्न हा वेगळा टर्न, म्हणून स्नीक अटॅक पुन्हा मोकळा. रेपियर फिनेस वेपन (चपळाईने चालवायचं शस्त्र) आहे, फॅनॅटिकपासून पाच फुटांच्या आत आमचा फायटर उभा होता, डिसअ‍ॅडव्हान्टेज (दोन फाशांतला कमी अंक धरायची सक्ती) नव्हता. सगळ्या अटी बसतात. शिवाय या हल्ल्याला लागणारी रिअ‍ॅक्शन आपला टर्न सुरू होईपर्यंत एकदाच मिळते, त्यामुळे याला आपोआप लगाम बसतो. हल्ला शत्रू आवाक्याबाहेर जाण्याच्या क्षणाआधी होतो, म्हणून फायटर कुठे उभा आहे हे मिनिएचर (पात्रांच्या छोट्या मूर्ती) हलवण्याआधी बघायचं. मिनिएचर आधी सरकवली की कोण कुठे होतं यावर दुसरं भांडण सुरू होतं.

आवराआवर करताना कोणीतरी 2024 चं पुस्तक काढलं. त्यात स्माइटच्या मजकुरात मेली वेपन किंवा अनआर्म्ड स्ट्राइक (ठोसा-लाथ) असं स्पष्ट छापलंय. वाद मिटला असं वाटतं, पण ही एकच ओळ उचलून जुन्या नियमाला जोडता येत नाही. नव्यात स्माइट हा स्पेल आहे आणि बोनस अ‍ॅक्शन खातो, जी टर्नला एकच मिळते, म्हणजे स्माइटही टर्नला एकदाच. जुन्यात एक्स्ट्रा अटॅकच्या (एकाच टर्नला दोन हल्ल्यांच्या) दोन्ही हिटवर दोन स्लॉट जाळता येतात. घ्यायचा तर अख्खा नियम घ्यायचा, असं मी पॅलाडिनला सांगितलं. तिने स्लॉट मोजले आणि जुनाच ठेवला.