भर पावसात रत्नागिरी ते गुहागर, किनाऱ्याच्या रस्त्याने

जुलैच्या शेवटी तीन दिवस कार काढून गेलो होतो आणि पाऊस असा की पहिल्याच सकाळी बायको म्हणाली, परत फिरूया का. फिरलो नाही, पण बीचवर दिवस काढायचा नाद सोडला. ठरवलं की समुद्राकडे फक्त भरतीच्या टायमाला जायचं, बाकी वेळ छपराखाली.

छपराखालचं रत्नागिरीत भरपूर आहे. थिबा राजवाडा बघाच, फक्त सोमवारी जाऊ नका, म्युझियम बंद असतं, आम्ही गेटवरून भिजत परत आलो आणि मंगळवारी पुन्हा गेलो. ब्रह्मदेशच्या थिबा राजाला इंग्रजांनी १८८५ मध्ये गादीवरून काढलं, वाडा झाला १९१० मध्ये आणि १९१६ मध्ये तो इथेच वारला. त्याची राजधानी मंडाले म्हणे कोरड्या पट्ट्यातलं, तिथून उचलून या पावसात! आणि गंमत बघा, रत्नागिरीत जन्मलेले टिळक त्याच सुमारास मंडालेच्या तुरुंगात. टिळकांचं जन्मघरही शहरातच आहे, तेही पावसात आरामात बघून होतं.

पुढे आरे-वारेचा रस्ता, वळणावर गाडी थांबवू नका, समोरचा पावसात दिसत नाही. मालगुंडला केशवसुतांचं स्मारक, अर्धा तास पुरे.

मग जयगडहून फेरीबोटीत गाडी घालून तवसाळ. लांबचा वळसा वाचतो, पण हवा बिघडली की फेरी थांबू शकते, म्हणून निघायच्या आधी चौकशी करा आणि हा टप्पा शेवटच्या फेरीवर ठेवू नका.

खरी मजा हेदवीला. तिथली बामणघळ म्हणजे किनाऱ्याच्या कातळातली अरुंद फट, भरतीला लाट आत घुसते आणि पाणी कारंज्यासारखं उंच उडतं. ओहोटीला गेलात तर नुसती दगडातली चीर बघून याल. भरतीची वेळ काढायचा जुना हिशोब सोपा आहे, तिथीची पाऊणपट करायची. आम्ही गेलो तेव्हा तृतीया होती, म्हणजे सव्वादोन, थोडं इकडेतिकडे होतं. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण असतं तेव्हा तर बघायलाच नको. पण लांबूनच बघा हां, कातळावर शेवाळ असतं, एक मुलगा सेल्फीसाठी पुढे गेला आणि आमच्यासमोर घसरला, नशीब की मागच्या बाजूला पडला.

बाकी किरकोळ: काच आतून धुरकट झाली की एसी लावा, नुसतं पुसून उपयोग नाही. रबरी तळव्याच्या चपला, दोन जादा टॉवेल, रोख पैसे (रेंज गेली की ऑनलाइन पेमेंट लटकतं), मॅप आधीच डाउनलोड. वाळूत गाडी अजिबात घालू नका. गुहागरला पोचलो तेव्हा नेमकं ऊन पडलं होतं, आणि भरती केव्हाच ओसरलेली.