मानधन की पगार? संस्थेची नियमावली इथून सुरू करा

बऱ्याच स्वयंसेवी संस्थांची कर्मचारी नियमावली देणगीदाराने मागितल्यावर एका रात्रीत तयार होते. दुसऱ्या कुणाची फाइल उघडायची, नाव बदलायचं, झालं. मग तिच्यात रात्रपाळीचा भत्ता असतो, पण रविवारी गावात बैठक घेणाऱ्या कार्यकर्तीची बदली रजा नसते.

आधी सगळी नियुक्तिपत्रं काढून वाचा. ‘दरमहा १२,००० रुपये मानधन’ असं लिहिलंय, पण रोज हजेरी आहे, रजेला परवानगी लागते, काम समन्वयक ठरवून देतो? मग तो पगारच. भविष्य निर्वाह निधीवाले कागदावरचा शब्द बघत नाहीत, कामाचं स्वरूप बघतात. निधी लागू होण्यासाठीच्या २० माणसांची मोजणी करताना हे ‘मानधनवाले’ही धरा. मागची थकबाकी व्याज-दंडासकट निघाली, तर तोवर तो प्रकल्प बंद झालेला असतो आणि पैसे संस्थेच्या गंगाजळीतून जातात.

ग्रॅच्युइटीचं तेच होतं. नोव्हेंबर २०२५पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत मुदतीच्या करारावरच्या माणसालाही वर्षभराच्या सेवेनंतर ती मिळते. मूळ पगाराचे १५ भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. महिन्याला बसवलं तर मूळ पगाराच्या ४.८१ टक्के. १८,००० मूळ पगार आणि तीन वर्षांचा प्रकल्प असेल, तर माणशी सुमारे ३१,००० रुपये. ही ओळ प्रस्तावाच्या अंदाजपत्रकातच टाका, नंतर ती कुणी मंजूर करत नाही.

दहा माणसं झाली की लैंगिक छळाविरुद्धची अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष संस्थेतलीच वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी महिला चालत नाहीत, आणि एक सदस्य बाहेरची. या बाहेरच्या जागेवर विश्वस्तांच्या घरातलं माणूस बसवलेलं दिसतं, ते मला फार खटकतं. तक्रार घेऊन येणारीला तिथे विश्वास कसा वाटावा? तक्रार खुद्द मालकाच्या जागी असलेल्या व्यक्तीविरुद्ध असेल, तर ती जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाते. हे वाक्य नियमावलीत ठळक छापा.

बदली रजेचं कलम मी असं लिहीन: ‘सुटीच्या दिवशी चार तासांहून जास्त काम झाल्यास एक दिवस बदली रजा. त्याच आठवड्यात नोंदवावी, ६० दिवसांत घ्यावी.’ मुदत घातली नाही तर रजा साठत जातात आणि प्रकल्प संपताना त्यांचे पैसे मागितले जातात. मात्र कामामुळे समन्वयकानेच रजा नाकारली असेल, तर ती बुडता कामा नये. तेही त्याच कलमात लिहा.

विश्वस्तांच्या ठरावाचा क्रमांक आणि लागू होण्याची तारीख पहिल्या पानावर, आणि मराठी प्रत तालुक्याच्या प्रत्येक कार्यालयात.